ललितेतर गद्याचे सूक्ष्मवाचन

निबंध, चरित्र, इतिहास, शास्त्रीय विवेचन, वृत्त, कायदा, अहवाल, जाहीर सूचना इ. प्रकारच्या गद्यातील एखादा लहान भाग निवडून तो शब्दयोजना, वाक्यरचना आणि वाक्यावाक्यांतील संबंध यांकडे लक्ष देऊन पुनःपुन्हा वाचणे व काढलेल्या प्रत्येक अर्थास मजकुरातील आधार दाखविणे, यास ललितेतर गद्याचे सूक्ष्मवाचन असे म्हणतात. शालेय अध्यापनात स्थूलवाचन व सूक्ष्मवाचन असे वाचनाचे दोन प्रकार दीर्घकाळ मानले गेले आहेत. स्थूलवाचनात मजकुराचा सामान्य आशय कळणे पुरेसे असते. सूक्ष्मवाचनात ‘हे कोणत्या शब्दावरून म्हणता?’ या प्रश्नाला उत्तर देण्याची जबाबदारी वाचकावर येते. मराठीच्या वर्गात हा दुसरा प्रकार मुख्यतः कवितेच्या रसग्रहणाशी जोडला गेल्यामुळे माहितीपर आणि वैचारिक गद्य सूक्ष्मपणे वाचण्याचे शिक्षण मागे पडले आहे. व्यवहारात मात्र शाळा सोडलेल्या माणसास आयुष्यभर जे वाचावे लागते, ते बहुतांशी याच प्रकारचे गद्य असते.

भारतीय परंपरा : अर्थनिर्णयाची शिस्त भारतीय परंपरेस नवी नाही. संस्कृत टीकाकारांनी व्याख्यानाची पदच्छेद, पदार्थोक्ती, विग्रह, वाक्ययोजना आणि आक्षेपांचे समाधान अशी पाच अंगे मानली. मीमांसकांनी एखाद्या ग्रंथाचे तात्पर्य ठरविण्यासाठी सहा लिंगे सांगितली : उपक्रम व उपसंहार यांची एकवाक्यता, अभ्यास म्हणजे पुनरुक्ती, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. लोकमान्य टिळकांनी (१८५६–१९२०) गीतारहस्याच्या (१९१५) प्रारंभीच्या प्रकरणात हीच कसोटी पुढे ठेवून गीतेच्या तात्पर्याचा विचार केला आहे. ही सहा लिंगे आजच्या वर्गातही जशीच्या तशी उपयोगी पडू शकतात. लेखाचा आरंभ व शेवट एकच गोष्ट सांगतात काय, कोणती गोष्ट पुन्हा येते, इतरत्र न आढळणारे असे या लेखात काय आहे, वाचकाने काय करावे अशी लेखकाची अपेक्षा आहे, कोणता भाग केवळ स्तुतीचा वा निंदेचा आहे आणि युक्तिवाद नेमका कोठे आहे, असे सहा प्रश्न त्यांतून सरळ निघतात. त्यांपैकी अर्थवाद ओळखण्याची सवय जाहिरात आणि प्रचारपत्रक वाचताना विशेष कामी येते.

मराठी गद्याच्या प्रारंभकाळी महानुभाव पंथीयांनी याच दिशेने काम केलेले दिसते. केशिराजबासांनी सिद्ध केलेल्या सूत्रपाठात चक्रधरांची वचने मूळ प्रसंगापासून सुटी झाली. ते वचन कोणास व कोणत्या प्रसंगी उद्देशून होते, हे सांगण्यासाठी पुढे ‘प्रकरणवश’ या प्रकारचे ग्रंथ रचले गेले. वाक्य प्रसंगापासून तुटले की अर्थ निसटतो, ही जाणीव त्यामागे आहे. मोडी लेखनात शब्द सुटे लिहिण्याची पद्धत नसल्याने दप्तर वाचणाऱ्या कारकुनास पदच्छेद स्वतःच करावा लागे. त्यामुळे वाचणे आणि अर्थ लावणे या क्रिया त्याच्या बाबतीत वेगळ्या राहत नसत. एकोणिसाव्या शतकात मुद्रण आले, मेजर टॉमस कँडी (१८०४–७७) यांनी मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचा प्रयत्न केला व शालेय पुस्तके तयार झाली. वाचन सोपे झाले आणि ‘वाचता येते’ याचा अर्थ ‘मोठ्याने म्हणता येते’ असा होऊ लागला.

पाश्चात्त्य विचार व त्याची मर्यादा : आधुनिक काळात सूक्ष्मवाचनास शास्त्रीय रूप देण्याचे श्रेय प्रामुख्याने आय्. ए. रिचर्ड्‌स (१८९३–१९७९) यांस दिले जाते. केंब्रिज येथे त्यांनी विद्यार्थ्यांना कवीचे नाव न सांगता कविता वाचावयास दिल्या व त्यांच्या लेखी प्रतिक्रियांचे विश्लेषण प्रॅक्टिकल क्रिटिसिझम (१९२९) या ग्रंथात केले. सुशिक्षित विद्यार्थीही साधा वाच्यार्थ चुकवितात, हे त्यातून दिसून आले. मॉर्टिमर ॲड्लर (१९०२–२००१) यांचे हाउ टू रीड अ बुक (१९४०) हे पुस्तक मात्र मुख्यत्वे वैचारिक ग्रंथांच्या वाचनाविषयी आहे. लेखकाशी मतभेद दर्शविण्यापूर्वी त्याचे म्हणणे आपल्याला समजले आहे हे दाखवावे, हा त्यातील नियम प्रसिद्ध आहे. फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४० च्या दशकात पाठ्यपुस्तकांच्या अभ्यासासाठी पाहणी, प्रश्न, वाचन, कथन व उजळणी अशी पंचपदी सुचविली. लुईज रोझेनब्लॅट (१९०४–२००५) यांनी अनुभवासाठीचे वाचन आणि काही घेऊन जाण्यासाठीचे वाचन असा भेद केला. औषधाच्या बाटलीवरील मजकूर आणि कविता यांकडे वाचक एकाच वृत्तीने पाहत नाही, हे त्यामुळे स्पष्ट झाले. ॲनमरी पॅलिंक्सर व ॲन ब्राउन यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या परस्पर-अध्यापन पद्धतीत विद्यार्थी लहान गटात आळीपाळीने शिक्षकाची भूमिका घेतात आणि सारांश सांगणे, प्रश्न विचारणे, दुर्बोध भाग उलगडणे व पुढील भागाचा अंदाज बांधणे ही चार कामे करतात. अमेरिकेतील अनेक राज्यांनी २०१० नंतर स्वीकारलेल्या समान अभ्यासक्रम-मानकांमुळे माहितीपर मजकुराच्या सूक्ष्मवाचनास तेथील शाळांत पुन्हा महत्त्व आले.

रिचर्ड्‌स यांची नाव झाकण्याची युक्ती गद्याला लावताना सावध राहावे लागते. कविता कोणी व केव्हा लिहिली हे न कळताही तिचा आस्वाद घेता येतो. परंतु निवेदन, अहवाल किंवा कायदा यांच्या बाबतीत ते कोणी, कोणत्या अधिकाराने, कोणत्या तारखेस आणि कोणासाठी काढले, हा अर्थाचाच भाग असतो. तारीख नसलेली सूचना ही अर्धीच सूचना होय. शिवाय कवितेतील विधानास बाह्य पुरावा मागण्याचे कारण नसते. ललितेतर गद्यातील विधान मात्र खरे किंवा खोटे असू शकते. म्हणून येथे वाचकाला दोन कामे करावी लागतात : मजकूर नेमके काय म्हणतो हे शब्दांवरून ठरविणे आणि जे म्हटले आहे ते मजकुराबाहेरील आकडा, नोंद वा अनुभव यांच्याशी ताडून पाहणे. पहिले काम पुरे होण्याआधी दुसरे सुरू करणे, हा वर्गात सर्वांत अधिक आढळणारा दोष आहे.

मराठी वाक्यातील अवघड जागा : मराठी गद्याचे सूक्ष्मवाचन शिकविताना या भाषेच्या काही विशेषांकडे मुद्दाम लक्ष वेधावे लागते. एका अक्षराचे अव्यय वाक्याची व्याप्ती बदलते : ‘अर्जदारासच मिळेल’ आणि ‘अर्जदारासही मिळेल’ यांत ‘च’ इतरांना वगळतो व ‘ही’ त्यांना सामावून घेतो. शासकीय मराठीत रूढ झालेली ‘करण्यात येईल’, ‘देण्यात यावे’ ही रचना कर्त्याचे नाव झाकते. असे वाक्य भेटताच ‘कोणाकडून ?’ असे विचारण्याची सवय लावणे इष्ट ठरते. ‘व’ आणि ‘किंवा’ यांतील फरक, ‘अनुक्रमे’ या शब्दाने जुळविलेल्या जोड्या, ‘शक्यतो’, ‘साधारणतः’, ‘अन्यथा’, ‘सबब’, ‘सदर’ यांसारखे शब्द, तसेच ‘तारखेपासून’ आणि ‘नोटीस मिळाल्यापासून’ यांतील अंतर, या सर्व जागी मुले सहज घसरतात. मराठीत विशेषणात्मक धातुसाधिते नामाच्या आधी रचली जात असल्यामुळे लांब वाक्यातील अटी पुढे आणि मुख्य क्रियापद अगदी शेवटी येते. उतावळा वाचक शेवटचे क्रियापद तेवढे धरून ठेवतो आणि अटी सोडून देतो.

शब्दसंग्रहाची अडचण वेगळी आहे. महसुली भाषेत फेरफार, बोजा, तगाई, दस्त, खातेदार यांसारखे अरबी-फार्सी वळणाचे शब्द मुरलेले आहेत. शिवकाळात राजव्यवहारकोशाने त्यांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचा प्रयत्न केला. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम संमत झाला आणि प्रशासनासाठी नवी, संस्कृतप्रचुर परिभाषा घडविण्यात आली. परिणामी एकाच कागदावर ‘बोजा’ व ‘अभिलेख’ शेजारी नांदतात. या दोन्ही थरांतील शब्द घरी बोलले जात नाहीत, असे मात्र समजू नये. ‘बोजा’ शब्द शेतकऱ्याच्या घरातील लहान मुलासही ठाऊक असतो. ‘अधिकार अभिलेख’ हा शब्द त्याच्या शिक्षकासही थांबवितो.

गावातील कागदांचे वाचन : पुणे जिल्ह्याच्या बारामती तालुक्यातील कोऱ्हाळे बुद्रुक या गावाचे उदाहरण घेतल्यास सूक्ष्मवाचनाची सामग्री किती जवळ असते, हे ध्यानात येईल. गावाचे नावच वाचनाचा पहिला पाठ होऊ शकेल. ‘बुद्रुक’ हा शब्द फार्सी ‘बुजुर्ग’ म्हणजे मोठा आणि ‘खुर्द’ हा फार्सी ‘खुर्द’ म्हणजे लहान यांवरून आला असून एकाच नावाच्या दोन गावांतील भेद त्यांनी दाखविला जातो. नीरा डाव्या कालव्याच्या टापूतील हे गाव ऊसशेतीच्या पट्ट्यात येते. त्यामुळे येथील घरात पाण्याचे अर्ज, उसाच्या नोंदी, खताच्या शिफारशी, पतसंस्था व बँका यांच्या नोटिसा आणि जमिनीचे उतारे असा मजकूर सतत येत असतो. त्यातील एका शब्दाच्या चुकीच्या वाचनाने उभे पीक किंवा जमिनीचा हक्क धोक्यात येऊ शकतो.

पाटबंधारे खात्याच्या जाहीर प्रकटनांच्या धर्तीवर अध्यापनासाठी रचलेले पुढील वाक्य पाहावे : ‘मागील थकबाकी भरलेल्या व मंजूर क्षेत्राच्या मर्यादेत नमुना ७ वर मुदतीत अर्ज केलेल्या लाभधारकांस, उपलब्ध पाण्याच्या मर्यादेत, एका आवर्तनापुरती मंजुरी देण्यात येईल.’ असे वाक्य प्रथम वाचल्यावर ‘पाणी मिळणार आहे’ एवढाच अर्थ बहुतेक विद्यार्थी सांगतात. त्यानंतर वाक्य फळ्यावर तोडून लिहावे. थकबाकी नसणे, क्षेत्राची मर्यादा, ठरावीक नमुना आणि मुदत या लाभधारकाने पाळावयाच्या चार अटी झाल्या. पाण्याची उपलब्धता ही पाचवी अट त्याच्या हाती नाही. ‘एका आवर्तनापुरती’ हा शब्द पुढील आवर्तनाची हमी नाकारतो. आता विद्यार्थ्यास विचारावे : चारही अटी पाळूनही पाणी मिळाले नाही, तर खात्याने वचन मोडले असे या वाक्यावरून म्हणता येईल काय ? उत्तर ‘नाही’ असे येते व ते ‘उपलब्ध पाण्याच्या मर्यादेत’ या शब्दसमूहावर बोट ठेवून द्यावे लागते. अशी तरतूद न्याय्य आहे की नाही, हा दुसरा प्रश्न होय. त्यावर चर्चा जरूर व्हावी, परंतु पहिल्याचे उत्तर वहीत उतरल्यावर.

माप आणि संज्ञा यांचे वाचनही याच प्रकारात मोडते. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार सुरू उसास हेक्टरी २५० किग्रॅ. नत्र, ११५ किग्रॅ. स्फुरद व ११५ किग्रॅ. पालाश द्यावयाचे असते. या एका ओळीत तीन ठिकाणी चूक होऊ शकते. ‘नत्र’ म्हणजे युरिया नव्हे. युरियात नत्राचे प्रमाण सु. ४६% असते, म्हणून २५० किग्रॅ. नत्रासाठी सु. ५४३ किग्रॅ. युरिया लागतो. ‘नत्र’ या जागी ‘युरिया’ वाचणाऱ्याच्या शेतास केवळ ११५ किग्रॅ. नत्र मिळेल. ‘हेक्टरी’ या जागी ‘एकरी’ वाचणारा जवळजवळ अडीचपट खत टाकील. ‘सुरू’ हा शब्द सुटला, तर आडसाली उसासाठीची वेगळी शिफारस त्याच्या लक्षातच येणार नाही. नीरा खोऱ्यातील पाडेगाव येथील ऊस संशोधन केंद्राने कितीही काळजीपूर्वक शिफारस तयार केली, तरी ती शेतापर्यंत एका वाक्याच्या रूपानेच पोहोचते. कीटकनाशकाच्या वेष्टनावरील लाल, पिवळा, निळा व हिरवा त्रिकोण विषारीपणाची उतरती श्रेणी दाखवितो. तोही वाचावयाचा मजकूरच होय.

सातबारा उतारा हा तर स्वतंत्र घटक व्हावा इतका समृद्ध मजकूर आहे. गाव नमुना सातमध्ये अधिकार अभिलेख आणि गाव नमुना बारामध्ये पिकांची नोंद असते. म्हणजे एकाच कागदावर हक्क आणि लागवड अशा दोन वेगळ्या गोष्टी सांगितलेल्या असतात. एकूण क्षेत्रात पोटखराब क्षेत्र वेगळे दाखविलेले असते. लागवडीयोग्य क्षेत्र व पोटखराब यांची बेरीज करून पाहणे, हा चांगला स्वाध्याय होय. ‘भोगवटादार वर्ग २’ या नोंदीतील ‘२’ हा आकडा गौण दिसतो, परंतु जमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध असल्याचे तो सांगतो. ‘इतर हक्क’ या रकान्यात कर्जाचा बोजा, कुळाचे हक्क यांसारख्या नोंदी असतात आणि खरेदी करणाऱ्याने सर्वांत आधी वाचावयाचा रकाना तोच असतो. जुन्या हस्तलिखित उताऱ्यांत रद्द झालेल्या नावाभोवती कंस केलेला असतो. व्याकरणाच्या तासाला ‘कंसातील मजकूर जादा माहिती देतो’ असे शिकलेला विद्यार्थी या कंसाचा अगदी उलटा अर्थ लावील. नावाजवळ वर्तुळात लिहिलेला आकडा फेरफार क्रमांकाचा असून तो वाचकास गाव नमुना सहाकडे पाठवितो. नाव कशाच्या आधारे लागले, वारसाने, खरेदीने की वाटणीने, हे तेथे समजते. एक कागद दुसऱ्या कागदाशिवाय पुरा वाचला जात नाही, हे येथे आपोआप शिकविले जाते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी नवी नोंद कायदेशीरपणे होईपर्यंत, खरी असल्याचे गृहीत धरण्यात येते. ‘खरी आहे’ आणि ‘खरी असल्याचे गृहीत धरण्यात येते’ यांतील अंतर वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांना एकदा उमगले, म्हणजे संशोधन-अहवालातील ‘आढळते’, ‘संभवते’, ‘सूचित होते’ या क्रियापदांचे वजनही त्यांना कळू लागते.

अर्थात घरातील खरा उतारा वर्गात आणण्यास सांगणे योग्य नव्हे. त्यावर कुटुंबाचे कर्ज व भाऊबंदांचे तंटे उघड होतात आणि ज्या मुलांच्या घरी जमीनच नाही, त्यांना ते लागते. काल्पनिक नावे घालून शिक्षकाने तयार केलेला नमुना पुरेसा होतो.

वर्गातील पद्धती : सूक्ष्मवाचनाचा उतारा दीडशे ते दोनशे शब्दांहून मोठा नसावा. वाक्यांना क्रमांक द्यावेत व समासासाठी जागा सोडावी. पहिले वाचन मूक आणि शिक्षकाच्या स्पष्टीकरणाशिवाय व्हावे. आपल्याकडे शिक्षक आधी संपूर्ण उतारा समजावून देतात व मग मुलांना वाचावयास सांगतात. त्यामुळे मुले उतारा वाचत नाहीत, शिक्षकाचे स्पष्टीकरण आठवतात. दुसऱ्या वाचनात प्रत्येक वाक्य कोणते काम करते हे समासात लिहावे : माहिती देते, कारण सांगते, अट घालते, अपवाद करते, उदाहरण देते, मत मांडते, मागणी करते. तिसऱ्या वाचनात ‘परंतु’, ‘म्हणून’, ‘तथापि’, ‘कारण’ या सांध्यांवर खुणा कराव्यात. हे अव्यय काढून टाकले तर दोन वाक्यांचा संबंध काय राहतो, असे विचारून पाहावे. यानंतरच सारांश लिहावा. तो मूळ शब्द न उचलता लिहिण्याचा आग्रह धरावा. मात्र संज्ञा व आकडे यांना हा नियम लागू करू नये. ‘नत्र’ बदलून ‘खत’ लिहिणारा सारांश भाषेने सुबक असला, तरी चुकीचा असतो.

प्रश्नांच्या रचनेस विशेष महत्त्व आहे. ‘गमळ्या दोमराने सुफट लाटवले’ हे निरर्थक वाक्य घेऊन ‘सुफट कोणी लाटवले ?’ असे विचारल्यास कोणताही विद्यार्थी ‘गमळ्या दोमराने’ असे अचूक उत्तर देतो. पाठाखालील आणि मार्गदर्शकांतील पुष्कळसे प्रश्न याच जातीचे असतात. उताऱ्यातील वाक्य उचलून ज्याचे उत्तर देता येते, तो प्रश्न आकलन तपासत नाही. त्याऐवजी दोन वाक्ये एकत्र वाचल्याशिवाय ज्याचे उत्तर येत नाही, असा प्रश्न विचारावा. कधी उताऱ्यात ज्याचे उत्तर नाही असाही एक प्रश्न मुद्दाम घालावा व ‘उताऱ्यात दिलेले नाही’ या उत्तरास पूर्ण गुण द्यावेत. प्रारंभीच्या काही तासांत शिक्षकाने स्वतः एखादा अपरिचित उतारा मोठ्याने विचार करीत वाचून दाखवावा व आपण कोठे अडखळलो, मागे का वळलो, हे लपवू नये. ज्यास सर्व काही सहज समजते असा शिक्षक या कामी फारसा उपयोगी पडत नाही.

वैचारिक गद्याची निवड : एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्य या दृष्टीने फार मोलाचे आहे. लोकहितवादींची शतपत्रे प्रभाकर साप्ताहिकात १८४८ ते १८५० या काळात प्रसिद्ध झाली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये सुरू केलेल्या निबंधमालेत त्यांच्यावर कठोर टीका केली. दोघांचे एकेक परिच्छेद शेजारी ठेवून चिपळूणकर लोकहितवादींचे म्हणणे पुरेपूर मांडून मग खोडतात की त्यातील सोयीचा भाग घेतात, हे तपासणे हा वरच्या इयत्तांसाठी उत्तम स्वाध्याय होय. ताराबाई शिंदे यांच्या स्त्री-पुरुष तुलना (१८८२) या निबंधात प्रश्नार्थक वाक्य युक्तिवादाचे काम करते. तेथे प्रश्नाचे विधानात रूपांतर करून पाहावे. बारामती-इंदापूरच्या परिसरात महात्मा जोतीराव फुले (१८२७–९०) यांचा शेतकऱ्याचा असूड (१८८३) हा ग्रंथ सर्वांत जवळचा ठरावा. त्यात शेतकऱ्याच्या स्थितीचे वर्णन, त्या स्थितीची कारणमीमांसा, भटशाही आणि सरकारी अंमलदार यांवरील आरोप व बंधारे, पाणी, शेतीशिक्षण यांविषयीच्या सूचना एकमेकांत गुंफलेल्या आहेत. ही चार सूत्रे निरनिराळ्या रंगांनी अधोरेखित केल्यास संतापाच्या भाषेखाली किती बारकाईचे निरीक्षण आहे, ते दिसून येते. ग्रंथ केवळ गौरवाने वाचणे किंवा केवळ त्याची भाषा तीव्र म्हणून बाजूला सारणे, या दोन्हींत तो वाचला जात नाही.

मर्यादा : सूक्ष्मवाचन हे पूर्वज्ञानाची जागा घेऊ शकत नाही. कोऱ्हाळ्याच्या मुलाला चारी, आवर्तन, पाटकरी हे शब्द अनुभवाने ठाऊक असल्याने सिंचनाविषयीचा अवघड उतारा तो शहरातील हुशार विद्यार्थ्यापेक्षा चांगला वाचील. शेअर बाजारावरील उताऱ्यात हीच स्थिती उलटेल. म्हणून एखाद्यास ‘वाचनात कच्चा’ ठरविण्यापूर्वी उतारा कोणत्या विषयाचा होता, हे पाहणे न्यायाचे आहे. दुसरी मर्यादा वेळेची. आठवड्यातून एक उतारा या रीतीने वाचणे पुरेसे आहे. प्रत्येक पाठाची अशी चिरफाड केल्यास मुले वाचनासच कंटाळतात. उरलेल्या वेळात त्यांनी भरपूर व मुक्तपणे वाचावे, यासाठीच स्थूलवाचन आहे. तिसरी अडचण पायाभूत साक्षरतेची होय. नीरेपलीकडील फलटण येथे भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था स्थापन करून वंचित मुलांच्या प्रारंभिक वाचन-लेखनाचे जे काम उभे केले, त्याने घरच्या बोलीचा मान राखून व मुलास अर्थ कळेल अशा मजकुरातूनच वाचन शिकविण्याची दिशा दाखविली. हा पाया नसेल, तर वरच्या इयत्तांतील सूक्ष्मवाचन अक्षरे जुळविण्यातच अडकून पडते.

मूल्यमापन : ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणाऱ्या ‘असर’ या पाहणीतील मूळ वाचनचाचणी अक्षर, शब्द, परिच्छेद आणि दुसऱ्या इयत्तेच्या पातळीची गोष्ट अशा पायऱ्यांनी होते. मोठ्या लोकसंख्येतील वाचनक्षमतेचा अंदाज घेण्यास ती उपयुक्त आहे. परंतु सर्वांत वरची पायरी ओलांडलेला विद्यार्थी नोटीस किंवा शास्त्रीय परिच्छेद समजून घेऊ शकतो, असा तिचा दावा नाही व तसा अर्थही काढू नये. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचा भरही प्राथमिक शाळेच्या पहिल्या इयत्तांवर आहे. माध्यमिक शालान्त परीक्षेत अपठित गद्यावरील कृती व सारांशलेखन यांना स्थान असल्याने सूक्ष्मवाचनास वाव आहे. तथापि सरावासाठी घेतले जाणारे अपठित उतारे बहुधा सुविचारवजा निबंधांतील असतात व त्यांत अट, अपवाद, आकडा किंवा वादाचा मुद्दा क्वचितच आढळतो. महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाच्या (स्थापना पुणे, २७ जानेवारी १९६७) भूगोल, विज्ञान आणि इतिहास या विषयांच्या पुस्तकांतील परिच्छेदच मराठीच्या तासाला घेतल्यास ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघेल. त्यासाठी भाषाशिक्षक आणि विषयशिक्षक यांनी उतारे एकत्र बसून निवडणे आवश्यक आहे. गुणदानात उत्तराइतकेच आधार म्हणून दिलेल्या वाक्यक्रमांकास वजन द्यावे. उत्तर बरोबर पण आधार चुकीचा असलेल्या विद्यार्थ्यास अर्धे गुण आणि उत्तर वेगळे पण आधार सुसंगत असलेल्या विद्यार्थ्यास तोंडी स्पष्टीकरणाची संधी, अशी योजना लहान वर्गात चालू शकते. साठ-सत्तर विद्यार्थ्यांच्या वर्गात मात्र गटवार तोंडी तपासणीवाचून दुसरा मार्ग उरत नाही.